ताई, शेगडी पास झाली

केंब्रिज, ऑन्टारियो
जानेवारी, रविवार

तीर्थस्वरूप प्रमिलाताईस,

रविकांतचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि तुझा स्वभाव, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो (तिसऱ्याबद्दल फारशी नाही). उल्का आणि मी, दोघं बरे आहोत.

गेल्या खेपेला तू आलीस तेव्हा जमिनीतल्या गरम हवेच्या जाळीवर हात धरून म्हणालीस, "तुमच्याकडची ऊब भोकातून येते. विस्तव दिसत नाही, मग माणसांनी बसायचं कुठं?" आणि मुदतीआधीच मिरजेला परत गेलीस. दाजी गेल्यापासून तिथे एकटी आहेस, तरी यायचं नाव काढत नाहीस. म्हणून या थंडीत मी लाकडं जाळायची लोखंडी शेगडी आणली. घराच्या बाहेरच्या भिंतीत विटांची जुनी चिमणी आहेच, तिला भोकही आहे. नळी भोकात घातली की झालं, असा माझा अंदाज. जन्मभर मोटारींना सायलेन्सर बसवणाऱ्या विभागात साहेबकी केलेल्या माणसाला धुराबद्दल कोण काय शिकवणार!

धुरानंच शिकवलं. नवीन वस्तू हळदकुंकवाशिवाय पेटवायची नाही म्हणून उल्कानं नळीच्या प्रत्येक सांध्याला कुंकवाची बोटं लावली. मग मी काडी ओढली. धूर वर गेला, चिमणीतला गारठा बघून आला आणि आल्या पावली घरात शिरला. घरातले धुराची वर्दी देणारे सगळे भोंगे एकदम कोकलायला लागले. उल्का बर्फात जाऊन उभी राहिली (माझं जाकीट घालून, मी आत, जाकिटाविना). तेवढ्यात विंडसरहून गौरांगीचा व्हिडिओ कॉल आला. पोरीला धुरात बाप दिसेचना. "बाबा, आर यू ट्राइंग टू डाय?" एवढंच म्हणाली. हिला आम्ही दर रविवारी मराठी शाळेत सोडत होतो.

मग तपासनीस बोलवावा लागला, कारण त्याच्या सहीशिवाय विमेवाले ऐकत नाहीत. हरजिंदर नावाचा सरदारजी आला. सांध्यांवरची लाल बोटं पाहून गंभीर झाला. "अंकलजी, मुझसे पहले इसे फेल किसने किया?" मी म्हटलं, "फेल नहीं, मेरी बीवी ने पास किया है." पोट धरून हसला, आणि मग त्यानं माझी शिकवणी घेतली. चिमणी रुंद आणि गार, शेगडी लहान, त्यामुळे धूर वर पोचायच्या आत थंड होऊन मागे फिरतो. उपाय म्हणजे चिमणीच्या आत वरपासून खालपर्यंत स्टीलची अरुंद नळी सोडायची. ती सोडली. काल तो येऊन सही करून गेला. कुंकू मात्र राहू द्या म्हणाला.

आता काचेआड विस्तव छान दिसतो. इतकं उकडतं की बाहेर उणे वीस असताना उल्का खिडकी उघडते. शेगडीपुढे तीन खुर्च्या मांडल्या आहेत. तिसरीवर उल्का घड्या करायचे कपडे टाकते, मी ते रोज उचलून ठेवतो.

तुझा धाकटा,
रवि

ता. क. तुझा व्हिसा अजून चालू आहे. गुडघ्यांची सबब सांगू नकोस, विमानात बसूनच यायचं असतं.

आणखी एक ता. क. तुला विस्तव दिसावा म्हणून शेगडी आणली, असं वर लिहिलंय ना, ते सगळं खरं नाही. इथे मला रवि म्हणतात, मिस्टर म्हणतात, अंकलजी म्हणतात. आई गेल्यावर मला 'खुळ्या' म्हणणारी तू एकटीच उरलीस, ताई. फोनवर म्हणतेस, पण त्यानं भागत नाही. समोर बसून म्हण.