सत्तावीस सव्वा

प्रिय मामा,

आधीच सांगते, शुद्धलेखन चुकलं तर हसू नकोस. आणि मी टाइप करतेय असं बराच वेळ दिसलं तरी फोन करू नकोस. मला मराठी टाइप करायला वेळ लागतो, आणि फोनवर तर बोलताच येत नाही, ते तुला माहीत आहे. मी मिनल, तुझ्या अक्काची. तुझा नंबर दिघीच्या मोईज चाचांनी दिला. कसा ते पुढे सांगते.

तुझी सायकल अजून आहे. तू गेलास त्या दिवशी जिन्याखाली जिथे टेकवली होतीस तिथेच, फक्त वरून आईने जुनी चादर टाकली. तू हसीना मामीशी लग्न केलंस, आई म्हणाली या घरात पाय ठेवायचा नाही, त्यानंतर घरात तुझं नाव कुणी घेतलं नाही. पण सायकलीला कुणी हात लावला की आई आतून बाहेर यायची. पप्पांनी भंगारवाल्याला बोलावलं होतं. आईने त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. म्हणाली, "ऱ्हाऊ दे, आडत न्हाई कुणाला." आडत तर सगळ्यांना होती. कॅबची ड्युटी करून आले की पप्पांचा गुडघा त्या वाकड्या हँडलला रोज आपटायचा, आणि पप्पा हँडललाच शिव्या द्यायचे.

माझं म्हणशील तर शाळा नववीतच सुटली. बाई उभं करून वाचायला लावायच्या आणि माझा आवाज निघायचा नाही. पोरं हसायची. तू असतास तर कदाचित गेले असते. आता चाकणला एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आहे. तिथे बोलावं लागत नाही, वायरीचा रंग बघायचा आणि खोचायची. बरं चाललंय.

तर गणपती झाल्यावर एक दिवस आई एकदम म्हणाली, "त्या सायकलीत हवा भरून आण." मी चादर काढली. टायरला बोट लावलं तर रबराचा चुरा पडला, वाळलेल्या भाकरीसारखा. हवा कुठे भरणार. मग टायरवरचा नंबर मोबाईलमध्ये लिहून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी भोसरीत दुकानं फिरले. कुणाला काही विचारायचं म्हणजे मला आधी दुकानासमोरून दोन चकरा माराव्या लागतात. नंबर मी सांगायचे सत्तावीस, अकरा, चार. एक जण म्हणाला, ताई, हा टायरचा नंबर आहे का कुणाच्या गाडीचा? दुकानातले सगळे हसले. दुसऱ्याने सरळ अठ्ठावीस दीडची जोडी काढून दिली. म्हणाला, रेसिंगची असो नाहीतर दूधवाल्याची, सगळ्यांना हाच बसतो.

आणि तो बसला पण. मी एकटीने, नुसत्या हाताने चढवला. इतकं भारी वाटलं मला, मामा. मग पंप मारायला लागले, तर रिमच्या कडेने ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली आणि धाडकन फुटली. वरून मालकीणबाई ओरडल्या, सिलिंडर गेला का गं कुणाचा? आई उंबऱ्यात मेथी निवडत होती. ती दचकली नाही. मला विचारलं, "हातानं चढला व्हय?" मी म्हटलं हो. "मग तो त्याचा न्हाई. त्याचा घाम काढल्याबिगर चढत न्हाई. सत्तावीस सव्वा लागतो." मी मोबाईलमधला नंबर दाखवला, म्हटलं इथे अकरा भागिले चार आहे. आईने मान वर न करता सांगितलं, "सव्वा हाय गं ते. एक आन् पाव." अपूर्णांक आले तेव्हाच माझं गणित सुटलं होतं. आई चौथी शिकलेली. माझ्या चपलेचं माप सांगावं तसं तिने तुझ्या टायरचं माप सांगितलं. तुझं नाव नाही घेतलं. आणि परत मेथी निवडायला लागली.

मग मी सायकल ढकलत दिघीला मोईज चाचांकडे नेली, तू दुरुस्तीला तिथेच न्यायचास म्हणून. त्यांनी मला ओळखलं नाही, सायकल ओळखली. सगळा निळा रंग उडालाय, फक्त मधल्या नळीवर वीतभर अजून चकचकीत आहे. तू मला देहूला इंद्रायणीतले मासे दाखवायला न्यायचास तेव्हा तिथे मला बसवायला टॉवेल गुंडाळायचास ना, मला टोचू नये म्हणून, तेवढाच राहिलाय. चाचा म्हणाले, ही तर जयसिंगची. टायर त्यांनी लुधियानाहून मागवले. आले तेव्हा मीच म्हटलं मी पण चढवणार. एका बाजूने चाचांनी गुडघा लावला, दुसरीकडून मी अंगठे. शेवटचा वीतभर काही केल्या आत जाईना. दोघं घामाघूम. मग टक असा आवाज आला आणि बसला. चाचा म्हणाले, "अब ये इसका है." तिथे मला का रडू आलं माहीत नाही. मग त्यांनी तुझा नंबर दिला, आणि सांगितलं की तू रांजणगावला असतोस, आणि तुला मुलगी आहे, खुशनुमा, शाळेत जायला लागली. मला कुणी मामेबहीण आहे हे मला टायरच्या दुकानात कळलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आता खरं लिहिते. आईच्या पोटात गाठ निघालीय. गुरुवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काढल्यावरच कळेल कसली आहे ती. आई सगळ्यांसमोर भांडी घासत नेहमीसारखीच वागते. पण काल मी विचारलंच, आपल्यात कुणाला ती सायकल चालवता येत नाही, मग टायर कशाला? तर म्हणाली, "कुनी न्यायला आलं तर ढकलत न्यावी लागू नये." कोण येणार, ते मी विचारलं नाही. आज सकाळी जिन्याखाली बघितलं तर मधल्या नळीवर टॉवेल गुंडाळलाय. नवीन आहे, दिवाळीला ठेवलेला. मी नाही गुंडाळला, आणि पप्पा रात्रीपासून हिंजवडीला आहेत. मामा, बुधवारच्या आत ये. मी लिहिलं हे सांगू नकोस. सायकल न्यायला आलो म्हण, तेवढंच म्हण. आणि खुशनुमाला आण. टॉवेल तिच्याच मापाचा आहे.

तुझीच
मिनल

थांब, आत्ता ग्रुपवर आलंय, आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये बिबट्या शिरलाय. वनखात्याचे लोक आलेत. उद्याची शिफ्ट बंद. मी दिवसभर घरीच आहे.