अख्खा दिवस पाखरं बघितली, अण्णा

अण्णा,

फार उशिरा लिहितोय, रागावू नका. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली. तुम्हाला अक्षर लागत नव्हतं आणि माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे आपल्या दोघांत पत्राची रीत कधी नव्हतीच. पण हे घरात कोणाला सांगितलं तर म्हणतील, म्हातारा अजून तेच उगाळतोय. मी आफ्रिकेत जाऊन आलो. तिथं एक अख्खा दिवस मी जनावरं आणि पाखरं बघण्यापलीकडे काहीही केलं नाही, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही. हे तुमच्या कानावर घालायचं होतं.

जावई केनियात गुलाबाच्या पॉलिहाऊसवर सुपरवायझर आहे. दिंडोरीकडे शिकलेलं काम त्याला तिकडे घेऊन गेलं. लेकीनं तिकीट पाठवलं तेव्हापासून माझी झोप उडाली. पासपोर्ट हरवला तर, विमानात पोट बिघडलं तर, तिकडे जाण्याआधी टोचलेल्या सुईचा ताप चढला तर. बंडीच्या आतल्या खिशाला दोन सेफ्टी पिना लावल्या होत्या आणि घडीघडी हात लावून बघत होतो. तुम्ही असता तर हसला असता. हसा.

आपल्या द्राक्षबागेतली ती एप्रिलची छाटणी तुम्हाला आठवते की नाही, मला माहीत नाही. मला रोज आठवते. पेठकडची मजुरांची टोळी बागेत लागलेली आहे, दुपारपर्यंत सगळ्या ओळी उघड्या झाल्यात आणि मधेच एक वेल तसाच झिपरा उभा आहे. त्यात बुलबुलाचं घरटं, पिल्लांचे डोळेही उघडलेले नाहीत. टोळीला मी सांगून ठेवलं होतं, एवढा वेल आठ-दहा दिवसांनी मी स्वतः छाटीन. तुम्ही काठी टेकत आलात. वेल बघितला, घरटं बघितलं, मग माझ्याकडे बघितलंत. मी तेव्हा पन्नाशीचा, लेकीच्या लग्नाची बोलणी चाललेली. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "पन्नाशी आली तरी पाखरंच बघतोय. ह्याच्या हाती बाग दिली तर पाखरंच खातील." टोळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्ही उभं राहून तो वेल छाटून घेतलात, आणि रात्री जेवताना माझ्या धाकट्या भावाला सांगितलंत, उद्यापासून बागेचं तू बघ. मी भाकरी मोडत राहिलो. तेव्हापासून मण्यांत पाणी उतरून गोडी भरू लागली की माझ्याकडे एकच काम, पाखरं हाकलायचं. जुन्या कॅसेटींची टेप वेलांवर ताणायची, डबा बडवायचा, ओरडायचं. तुम्ही गेल्यावरही मी तेच करत राहिलो, कारण दुसरं काम कोणी दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

तिकडे लेक-जावयाबरोबर सकाळी सकाळी जनावरं बघायला निघालो. गाडीचं छप्पर उघडं. ड्रायव्हर माझ्याच वयाच्या आसपासचा. लेक मला बाबा म्हणते ते ऐकून तोही बाबा म्हणू लागला. त्यांच्या भाषेतही बापाला बाबाच म्हणतात म्हणे. जिराफ, झेब्रे, हत्तींचा कळप, सगळं बघितलं. पण माझी मान पाखरांकडेच वळत होती. रानम्हशींच्या पायात चालणारे गायबगळे आपल्यासारखेच. कोतवाल तोच, शेपटीची कात्री तीच. मग एका काटेरी झाडावर आपल्या साळुंकीच्या जातीची, पण निळी चमकणारी पाखरं उतरली, शे-दोनशे तरी असतील, आणि मला काय झालं ते कळलंच नाही. मी उभा राहिलो, गाडीचा पत्रा दोन्ही हातांनी बडवला आणि ओरडलो, "हाऽऽ हुर्रर्र, हाऽऽ." झाड रिकामं झालं. शेजारच्या गाडीतली गोरी माणसं कॅमेरे हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. जावयानं मान खाली घातली. लेक हळूच म्हणाली, "बाबा, ही आपली बाग नाही हो."

मला घाम फुटला. वाटलं, आता दंड करतील, जावयाची नोकरी जाईल. ड्रायव्हरनं फक्त ओठांवर बोट ठेवलं. अण्णा, त्या ओरडण्यात तुमचा आवाज होता. इतकी वर्षं तुम्ही माझ्या घशातून ओरडत होतात. मी खाली बसलो आणि ठरवलं, आता नुसतं बघायचं.

उन्हं कलल्यावर गवताच्या एका तुकड्यावर दोन टिटव्या ओरडत घिरट्या घालताना दिसल्या. एकाच जागेवर झेप घ्यायची, परत वर जायचं. आपल्या बांधावर मांजर शिरलं की अशाच करतात. गाडी पुढे चालली होती, सगळ्यांना सिंह हवा होता. मी लेकीचा दंड धरला. "थांबव त्याला. तिथं कायतरी पडून हाय." ती म्हणाली, नुसतं गवत आहे. मी म्हटलं, "टिटव्या येड्या नाय."

ड्रायव्हरनं दुर्बीण लावली. मग ती माझ्या हातात दिली. चित्त्याची मादी होती, दोन पिल्लांना पोटाशी घेऊन गवतात चपटी पडलेली. त्यानं लेकीला विचारलं, बाबा कोणत्या जंगलात नोकरीला होते. लेक म्हणाली, माझे बाबा द्राक्षबागायतदार आहेत. मी तिला दुरुस्त केलं नाही.

तेव्हा ऐका. एका वेलानं बाग बुडाली नसती. आज कोणी विचारलं तरी तो वेल मी ठेवीन, तुम्ही समोर उभे असलात तरी ठेवीन. तुम्ही चुकलात. हे लिहिलेलं खोडणार नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, कपाटात कागदांखाली ठेवून देईन. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. शेवटच्या महिन्यात तुमची बाज उंबराखाली टाकली होती. वर एक पाखरू सारखं टुकटुक करत होतं. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "कोणतं रे ते?" जन्मात पहिल्यांदा तुम्ही मला पाखराचं काही विचारलं होतं. मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "मला काय माहीत. मी कुठं पाखरं बघतो." तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

तांबट होता तो, अण्णा. तुम्हाला तो खरंच ओळखू आला नव्हता, की माझ्याशी बोलायचं होतं, एवढं कळवा. लवकर कळवा, आता माझंही वय झालंय.