नऊ कमळांचा दिवा

९ नोव्हेंबर १९७६. पश्चिमेचा वारा, बोटी बांधलेल्या.

या हात्सुला पुन्हा घरात घेणार नाही. माझ्याच घरी बसून माझं मुळ्याचं लोणचं संपवलं, चहा मागून मागून घेतला, आणि जाताना दारात चपला शोधता शोधता म्हणते काय — "इसे, पांढरी शेवंती आधीच सांगून ठेव हो. ऐनवेळी मिळत नाही." मयताची फुलं ती! जीभ झडो तिची! त्यात धंदा न्हाविणीचा. उद्यापर्यंत बंदरातल्या प्रत्येक डोक्याला कळलेलं असेल.

झालं ते असं. वाऱ्यामुळे समुद्रावर कोणी गेलं नाही, म्हणून जेवणं आटोपल्यावर माहजोंगच्या सोंगट्या मांडल्या. मी, हात्सु, माझा मुलगा तोकुजी आणि त्याच्या बोटीवरचा इंजिनवाला कानेझो. कानेझो ह्यांच्या वेळेपासून आमच्या बोटीवर आहे. तोकुजी खेळतो वाईट. घाई करतो, बापासारखा. आज मात्र गप्प बसला होता आणि कान लालभडक. तेव्हाच ओळखायला हवं होतं. माझ्या हाती लाल अक्षराचा सहा आला. मला नको होता. टाकला.

"रोन!"

दुसऱ्याच्या सोंगटीवर जिंकलं की म्हणतात तसं, पण केवढ्याने ओरडला! आणि हातातल्या सगळ्या सोंगट्या आडव्या पाडल्या. सगळ्या लाल अक्षराच्याच. एक तीनदा, नऊ तीनदा, मधले आकडे एकेक, आणि त्यांत माझा सहा. नऊ कमळांचा दिवा! लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून खेळतेय, कधी पाहिला नव्हता. ऐकला होता. आणि त्याच्याबद्दल जे ऐकलं होतं ते चौघांनीही ऐकलेलं — हा डाव ज्याला लागतो त्याचं जन्माचं नशीब तिथेच खर्च होतं. पुढे जगायला काही शिल्लक राहत नाही.

कानेझोने सिगारेट विझवली, ती पेटवलेलीच नव्हती. हात्सु म्हणाली, "मी पाहिलं नाही बाई. माझं लक्ष चहात होतं." आणि आमचा सेहेचाळीस वर्षांचा घोडा मांडीवर थापा मारत हसतोय. कॅमेरा आणवला, सोंगट्यांमागे बसून फोटो काढवला.

"आई, तूच टाकलास गं! तूच दिलास मला!"

हो. मीच दिला.

१० नोव्हेंबर. वारा तसाच.

कानेझो सकाळीच दारात. "वहिनी, त्या सोंगट्यांना आता हात लावायचा नाही. जाळायच्या." तेही खरं, रीतच आहे तशी. तोकुजी म्हणाला, "बाबांच्या आहेत, काका!" कानेझो म्हणाला, "तुझ्या बाबांनीच जाळल्या असत्या."

किनाऱ्यावर पत्र्याच्या पिंपात जाळल्या. वर हाड, खाली बांबू. बांबू भरभर पेटला, हाड काही लवकर जळेना. मग वास सुटला. ह्यांना नेलं त्या दिवशी स्मशानाच्या चिमणीखाली उभी होते, तेव्हा आला होता तसा. सून मित्सुए नाकाला बाही लावून मागे सरकली. मी नाही सरकले. माणूस असो की सोंगटी, संपेपर्यंत उभं राहावं.

तोकुजी आलाच नाही.

११ नोव्हेंबर. वारा पडला.

सगळ्या बोटी माकूळ धरायला गेल्या. आपली उभी आहे. खलाशी चढेनात. कानेझो खाली मान घालून सांगायला आला — "पोरं म्हणतात, तांडेलाला नऊ कमळं दिसली. नवं वर्ष लागू दे, पुजाऱ्याकडून शुद्ध करून घेऊ, मग बघू." मी म्हटलं, "आणि तू?" म्हणाला, "वहिनी, मी पण पोरांतलाच."

मला बरं वाटलं. इथे लिहायला काय हरकत. बोट किनाऱ्याला तर पोरगा किनाऱ्याला.

१३ नोव्हेंबर

बोट किनाऱ्याला, पण पोरगा कुठे आहे कोण जाणे.

हात्सुकडे केस कापायला गेला. हात्सु एरवी कात्रीपेक्षा तोंड जास्त चालवते. आज गप्प. नीट कापले, कानामागचेसुद्धा, आणि पैसे घेतले नाहीत! घरी आला तो शेगडीवर पांघरलेल्या दुलईत पाय घालून बसला, उठायचं नाव नाही. वाटेत लोक वाकून नमस्कार करतात म्हणे, जरा जास्तच वाकून. नात सायोको शाळेतून आली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा कधी मरणार?" मित्सुएने तिला थोबाडीत मारली आणि मग स्वतःच रडत बसली. मी दोघींना म्हटलं, जिला रडायचंय तिने परसात जाऊन रडावं.

तो फोटो धुऊन आला. पुढे सोंगट्या, मागे हसणारा तोकुजी. मयताच्या फोटोला लावतात त्या काळ्या पट्ट्या तेवढ्या लावायच्या बाकी आहेत. मित्सुएने कपाटात ठेवला. मी काढून अंथरुणांच्या खाली सारला.

१४ नोव्हेंबर

जेवला नाही.

१५ नोव्हेंबर. पाऊस.

आज मला भीती वाटली. परवापर्यंत राग होता. आज भीती.

सकाळी त्याने मित्सुएला बोलावून दाखवलं, सहीचा शिक्का कुठे ठेवलाय, विम्याचा कागद कुठल्या खणात. मग बापाचा पावसाळी कोट कानेझोकडे पाठवून दिला. "मला काय करायचाय," म्हणे. हात पोटावर ठेवून बसतो, कान लावून, जणू आत कोणी दार ठोकतंय.

माझा थोरला दीर असाच गेला होता. डॉक्टरने सांगितलं काही नाही झालेलं. पण त्याने ठरवलं होतं. ठरवलेल्या माणसाला कोण वाचवणार? याला मारायला समुद्र कशाला हवा? दुलई पुरेल!

दिवसभर तांदूळ निवडत विचार केला. डाव लागला म्हणून मरण. मग डावच लागला नसेल तर?

१६ नोव्हेंबर

केलं.

कानेझोला मुद्दाम न्याहारीला बोलावलं. भात वाढता वाढता म्हटलं, "त्या दिवशीचा तुझा डाव खोटा होता."

तोकुजीने वाटी खाली ठेवली. "काय म्हणालीस?"

"सुरुवातीलाच लाल तीन टाकला होतास. त्या डावाला कुठलाही लाल चालतो, म्हणजे तीनही चालला असता. आपणच टाकलेली सोंगटी आपल्याला लागत असली की दुसऱ्याच्या सोंगटीवर जिंकता येत नाही. हे आता या वयात मी शिकवायचं?"

"मी लाल तीन टाकला?"

"शेगडीच्या बाजूला. वाकडा पडला होता, तूच सरळ केलास."

कानेझोकडे बघितलं त्याने. कानेझो म्हणाला, "मला नाही आठवत. पण वहिनी म्हणतात म्हणजे टाकला असणार. वहिनींना माझ्या लग्नातल्या डावाच्या सोंगट्यासुद्धा आठवतात."

"मग तेव्हाच का नाही बोललीस, आई?"

"जन्मात पहिल्यांदा जिंकत होतास. दया आली."

त्याचा चेहरा! थोबाडीत मारली असती तर इतका उतरला नसता. एकच गोष्ट केली होती बिचाऱ्याने, बापालाही न जमलेली, तीही मी काढून घेतली. मग खांदे खाली आले. मग म्हणाला, "अजून भात आहे का?" मित्सुएने वाढला. परत मागितला.

कानेझो तर हसत सुटला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे गाढवा! सोंगट्या जाळल्या की रे फुकट!"

हात्सुला दुपारी कळलं. "मी म्हटलंच होतं, मी काही पाहिलं नाही म्हणून," असं सांगत फिरतेय. फिरू दे. यावेळी तरी तिच्या तोंडाचा उपयोग झाला.

इथे खरं लिहून ठेवते. त्याने लाल एकही टाकला नव्हता. वाऱ्याच्या सोंगट्या टाकल्या, ड्रॅगनच्या टाकल्या, गोलांच्या टाकल्या. क्रमाने सांगू शकते. इतका चोख डाव मी पाहिला नाही आणि पाहणारही नाही.

पण वर जो कोणी हिशोब ठेवतो, त्यानेही ऐकलंच असेल ना न्याहारीला? माझ्या तोंडचं सगळे खरं मानतात. त्यानेही मानावं.

१७ नोव्हेंबर. ऊन.

एवढी शहाणी मी, आणि हे सुचलं नाही!

भांडी घासत होते तर चढावरून कानेझोची हाक — "वहिनी, तुमचे उपकार! पोरं चढली!" डाव खोटा, मग बोट कशाला बांधून ठेवायची? सकाळपासून बर्फ भरतायत, डिझेल भरतायत. दिवस वाया गेलेत म्हणून लांबच्या पाण्यात जाणार.

चपला कुठल्या घातल्या ठाऊक नाही, धक्क्यावर गेले. तोकुजी दोर सोडत होता. बापाचा कोट अंगावर, कानेझोने परत दिलेला. शीळ घालत होता.

"उद्या जा," मी म्हटलं.

"का? आता काय अडलंय?"

काय सांगू? खरं सांगितलं तर हा परत त्या दुलईत जाऊन बसणार, पोटावर हात ठेवून. नाही सांगितलं तर हा चालला. दोन्हीकडून मीच. तोंड उघडलं होतं. तो बघत होता, हसत होता, मागे पोरं ओरडत होती की चला.

"आतून लोकरीचं घातलंस का?"

"घातलंय गं, आई. जा, गारठशील."

मित्सुए हात हलवत राहिली. मी घरी आले.

१८ नोव्हेंबर

समुद्र नको इतका शांत. तेल ओतल्यासारखा. संध्याकाळी दूर बोटींचे दिवे लागले. मित्सुए म्हणाली, "तो डावीकडचा आपला." मी म्हटलं सगळे सारखेच दिसतात. ती आत गेल्यावर डावीकडच्याकडे बघत उभी राहिले.

१९ नोव्हेंबर

दुपारी वारा फिरला. पश्चिमेचा. धक्क्यावरची पिंपं उडाली. हात्सु आली, मी घरात घेतली. लोणचं पुढे ठेवलं. तिने हात लावला नाही.

२० नोव्हेंबर

बाकीच्या बोटी आल्या. आपली नाही. काल संध्याकाळपासून वायरलेसला उत्तर देत नाही. खिडकीतून दिसतंय — मच्छीमार सोसायटीची माणसं चढ चढून येतायत, टोप्या हातात. मित्सुएने जागचं हलायचं नाही. दार मी उघडणार. डाव खोटा मी ठरवला; काय विचारायचं ते मला विचारा, दुसऱ्या कोणी उत्तर द्यायचं नाही.