बेकरीतल्या मुलीचा आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार

म्हातारीचं काम! चैतन्यने सरळ तोंडावर सांगितलं – "नलिनीताई, म्हातारी तुमची." डबिंगचा डायरेक्टर झाला म्हणजे काय, जिभेला हाडच नाही.

चॅनेलने परदेशी टीव्ही-सिनेमांचा गठ्ठा आणलाय, रविवार दुपारसाठी. ते मराठीत करायचे. पहिल्यात आजचा एक पोरगा बेकरीच्या मागच्या दाराने १९६८ मध्ये जाऊन पोचतो. तिथे बावीस वर्षांची मुलगी पाव भाजत असते. प्रेम जमतं, दार बंद होतं, पोरगा परत आजच्या काळात. तिला शोधत जातो तर ती एकोणऐंशीची! खुळचट गोष्ट. शेवटी मला रडू आलं, ते कुणाला सांगणार नाही.

तरुणपणीची कोण करतंय, विचारलं. म्हणाला, "बघू, ठरतंय." ठरतंय म्हणजे ठरलंय. बत्तीस वर्षं या धंद्यात आहे, एवढं कळतं मला.

६ नोव्हेंबर

पहिला दिवस. साकीनाक्याचा स्टुडिओ म्हणजे कारखान्यांमधला एक गाळा. लिफ्ट बंद. तीन मजले चढून धाप लागली, तर चैतन्य खूश – ही धाप म्हातारीला ठेवू म्हणे!

माझं वाक्य होतं, "थांब म्हणाले होते ना मी तुला." मी म्हटलं, आधी त्या मुलीचं 'थांब' ऐकव, त्या सुराला धरून करते. तर म्हणे नको, तुम्ही तुमचं करा. का नको? बाई तीच, नुसती म्हातारी झालेली. दोघींचा सूर जुळायला नको?

चहा-झाडलोट करणाऱ्या शांताबाईंना बाजूला घेतलं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. "पोरगी कुणीच आली नाय, ताई. बाई म्हनाल तर तुमीच." मग ती काय हवेतून येते?

काहीतरी शिजतंय.

७ नोव्हेंबर

ऐकला तिचा आवाज! दार किलकिलं राहिलं होतं. आत स्पीकरवर तीच बोलत होती. मी ढकलून आत गेले तर चैतन्यने घाईघाईने बंद केलं. खोलीत तो एकटाच.

चार वाक्यं ऐकली असतील. आवाज गोड, पण नुसता गोड नाही. शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबते, मग तो शब्द अलगद सोडते. ही माझी पद्धत आहे. आणि ती मी एकाच मुलीला शिकवलीय – अक्षताला. दोन वर्षं दर रविवारी चारकोपला माझ्या घरी येते. पोहे खाते, शिकते, जाते.

मला हेवा वाटला. खोटं कशाला लिहू? मला आता तसं जमत नाही.

८ नोव्हेंबर

अक्षताचा मेसेज – ताई, उद्या दहाला येऊ ना? किती साळसूद!

९ नोव्हेंबर, रविवार

आली. पोहे केले नव्हते. सरळ विचारलं. म्हणाली, सप्टेंबरमध्ये ऑडिशन दिली होती, घेतलं नाही, लाज वाटली म्हणून बोलले नाही. आपल्याहून चांगली कुणीतरी मिळाली, एवढंच तिला कळलं होतं.

मी काय काय बोलले! माझ्या घरात बसून माझीच पद्धत चोरलीस, वर खोटं बोलतेस – असलं सगळं. ती म्हणाली, "ताई, मी खोटं बोलत असते तर आवाजावरून पहिलं तुम्हालाच कळलं असतं ना?" वही उचलली आणि गेली.

आवाज खरा वाटत होता. पण खरा वाटेल असा आवाज लावायलाही मीच शिकवलंय तिला.

१२ नोव्हेंबर

माझं काम संपलं. मुलगी अजून दिसलेली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

दहा वाजून गेले. कुणी आलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सिनेमा लागला. तिच्या चुका टिपायला कागद-पेन घेऊन बसले होते. एकही लिहिली नाही.

पोरगा निघतो. ती दारात उभी राहते, श्वास घेते आणि म्हणते, "थांब." त्या श्वासात बारीक शिट्टी वाजली. नाकातली.

ती शिट्टी माझी आहे. माझ्या नाकाचं हाड वाकडं होतं. रेकॉर्डिस्ट वैतागायचे – नलू, कुकर उतरव आधी! २००३ मध्ये ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा थांबली. अक्षता तेव्हा पाळण्यात असेल.

चैतन्यला फोन लावला. ही शिट्टी कुठून आली, विचारलं. म्हणाला, "तुमच्या जुन्या मालिकांच्या टेप कॉम्प्युटरला ऐकवल्या, ताई. त्यावरून त्याने केलं. ती मुलगी तुम्हीच आहात." आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, तुम्ही नको म्हणाला असता. आणि सही आहे तुमची.

आहे. मे महिन्यात त्याने कागद पुढे केला होता, जुन्या टेप जतन करायच्यात म्हणून. चष्मा पर्समध्ये होता. काढायचा कंटाळा केला.

सगळ्या जगावर संशय घेते आणि सही करताना वाचत नाही! लोकांचे आवाज ओळखत आयुष्य गेलं, स्वतःचा ओळखता आला नाही. त्यापायी त्या पोरीला नाही नाही ते बोलले.

२४ नोव्हेंबर

अक्षताला फोन केला. चुकले म्हटलं. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ऑडिशनमध्ये मी तुमच्याकडून हरले." हसली थोडी. रविवारी येशील का विचारलं, तर बघते म्हणाली.

३० नोव्हेंबर, रविवार

आली! पोहे दोनदा घेतले. तिला म्हटलं, आता तरुण मुलींची कामं त्या कॉम्प्युटरच्या डब्यातली नलू करणार, तू आतापासून म्हाताऱ्या शिकून घे. माझ्यासारखी. म्हाताऱ्यांना मरण नाही.

२ डिसेंबर

चैतन्यचा फोन. पुढच्या सिनेमातही आजी आहे. कधी येऊ, विचारलं. म्हणाला, यायची गरज नाही ताई, त्या मुलीचंच वय वाढवता येतं.