चिंचेच्या बेचक्यातले मॉस

मी, सौ. दिलशाद मोहिद्दीन सुतार, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त प्राध्यापिका (वनस्पतिशास्त्र), राहणार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दाबाखाली न येता, दिवसाउजेडी आणि पोटभर नाश्ता करून लिहीत आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, पण डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्यासमोरच्या आंब्यावर तीन जातींचे मॉस आहे तेही सांगितले. त्यांनी मुकाट्याने सही केली.

कलम १. आष्ट्यातील राहते घर माझे पती मोहिद्दीन यांनी स्वतः बांधले आहे आणि त्यांच्याच नावावर आहे, त्यामुळे ते मी कोणाला देण्याचा प्रश्न येत नाही. माझ्या नावावरची बँकेतली ठेव आमच्या शरियतप्रमाणे वारसांना ज्याच्या-त्याच्या हिश्शाने जावी. भांडू नये. भांडण्याइतकी ती मोठीही नाही.

कलम २. माझ्या मिळकतीतला तिसरा हिस्सा मला मर्जीने वारसाबाहेर देता येतो. त्यात मी माझा मॉसचा संग्रह बसवला आहे: झाडांच्या सालींवर वाढणाऱ्या मॉसची एक हजार एकशे चाळीस पाकिटे, महाबळेश्वरपासून कवठे महांकाळपर्यंत चौतीस वर्षांत गोळा केलेली. हे मृत्युपत्र कायद्यात बसवून देणारा माझा भाचा तौसीफ इस्लामपूरला वकिली करतो. त्याने विचारले, मावशी, याची बाजारभावाने किंमत काय लिहू? मी म्हटले, शून्य लिही. तो खूश झाला, कारण शून्यावर कोणी वारस हरकत घेत नाही.

हा संग्रह माझी विद्यार्थिनी अंजना हिला द्यावा. ती कवठे महांकाळजवळच्या आपल्या गावातच शाळेत शिकवते. कॉलेजला देऊ नये. कॉलेजने माझ्या निवृत्तीनंतर सहा महिन्यांत संग्रहाच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले आणि माझी कपाटे व्हरांड्यात काढली. ती मी टेम्पो करून घरी आणली. माझा मुलगा झिशान पुण्याहून आला की त्या कपाटांकडे बघून उसासे टाकतो. बाळा, आता तुझी खोली मोकळी होईल.

कलम ३. अंजनाने पाकिटांचा क्रम बदलू नये. झाडांप्रमाणे किंवा गावांप्रमाणे लावायचा मोह होईल, कारण ते सोपे आहे. पण एकच जात कोयनेच्या जांभळावर सापडते आणि फलटणच्या वडावरही सापडते. मॉस ओळखायचे ते त्याच्या अंगावरून. आधी पानाला मधली शीर आहे का बघायचे, मग बीजाणूंची कुपी कुठून निघते ते, आणि शेवटी भिंगाखाली त्या कुपीच्या तोंडाचे दात मोजायचे. काहींना सोळा असतात, काहींना दोन रांगा, काहींचे नुसतेच बोळके. मुलांना हे दात मोजायला फार आवडते, तेव्हा मोजू द्यावेत.

जुने पाकीट उघडल्यावर आत काळपट चुरा दिसला तर मेले म्हणून टाकू नये. थेंबभर पाणी घालावे आणि थांबावे. वीस वर्षांपूर्वीची पानेही पसरतात आणि आकार स्पष्ट दिसतो. तसेच शेतकरी विचारतील की बाई, हे झाडाला खातंय का? त्यांना सांगावे की याला मुळेच नाहीत, पाणी ते पावसातून आणि धुक्यातून घेते, झाडाकडून फक्त जागा घेते. माझे ऐकून आजवर दोघांनी खोड खरवडणे थांबवले. बाकीच्यांनी मान हलवली आणि खरवडले.

कलम ४. सूक्ष्मदर्शक संग्रहाबरोबर जावा. साल काढायच्या दोन पटाश्या मात्र माझ्या नाहीत, त्या मोहिद्दीन यांच्या सुतारकामाच्या पेटीतल्या आहेत. मी त्या चौतीस वर्षे वापरल्या आणि बोथट करून परत केल्या, याची कबुली देते.

कलम ५. माझे मार्गदर्शक जयराज सर आता हयात नाहीत. त्यांच्यावरचा माझा राग मी वारसाहक्काने कोणालाही देत नाही. त्याचे कारण पुढच्या कलमात येईल.

कलम ६. हे कलम मी तीनदा लिहून फाडले आहे.

लग्नानंतर मी पीएच.डी.ला नाव घातले, तेव्हा मला रानोमाळ कोण फिरवणार हा प्रश्न होता. मोहिद्दीन यांनी दुकान आठवड्यातून दोन दिवस बंद ठेवले आणि मला एम-एटीवर मागे बसवून दोन जिल्हे फिरवले. साल ते काढत, कागदाची पाकिटेही ते बांधत, आणि वर गाव, झाड, जमिनीपासूनची उंची हे सगळे त्यांच्या गोल अक्षरात लिहीत. झाड ओळखण्यात ते माझ्यापेक्षा पक्के होते.

पाकीट क्रमांक दोनशे बारा त्यांनी १९९१ च्या पावसाळ्यात अंजनाच्या गावच्या माळावर घेतले. मी तेव्हा ओढ्याकडेच्या झाडांवर होते. पाकिटावर त्यांनी लिहिले होते: चिंच, उंची आठ फूट. आत निघालेली जात कोयनेच्या पावसातली. नाव मी इथे लिहीत नाही, ते वहीत आहे. कवठे महांकाळच्या कोरड्या माळावर ती असायला नको होती. मी तरीही प्रबंधात नोंद केली.

मार्च १९९३ मध्ये माझी तोंडी परीक्षा झाली. जयराज सरांनी परीक्षकांसमोर ते पान उघडले आणि म्हणाले, कोयनेचे पाकीट यात मिसळले आहे, असा निष्काळजीपणा एका ठिकाणी असेल तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा? माझी पदवी त्या क्षणी टांगणीला लागली. मी म्हणाले, "पाकिटे माझे मिस्टर बांधतात. ते सुतार आहेत. त्यांच्या हातून अदलाबदल झाली असेल."

दार उघडे होते. ते बाहेर बाकावर माझा डबा घेऊन बसले होते.

नोंद मी खोडली, पदवी मिळाली. परतताना मी म्हटले, तुम्ही ऐकलेत का? ते म्हणाले, "व्हय. झाली आसंल अदलाबदल." त्यानंतर ते प्रत्येक फेरीला आले, प्रत्येक साल त्यांनीच काढली, पण पुढच्या एकाही पाकिटावर त्यांनी अक्षर लिहिले नाही. कोरे पाकीट माझ्या हातात देत आणि पेन खिशात ठेवत. मला वाटले, हा त्यांचा राग आहे, आणि तो रास्त आहे. मी कधी विचारले नाही. एकदा मे महिन्यात एकटीच एस.टी.ने जाऊन ती चिंच बघून आले. खाली खोड मेंढ्यांनी अंग घासून गुळगुळीत केले होते, आणि वर हात पोचेल तिथवर साल कोरडी होती. काहीच नव्हते. आठ फुटांवर मी बघितलेच नाही, कारण ती उंची मला अंदाजपंचे वाटली. सरांचा राग करत राहणे मला सोयीचे होते. खरी लाज माझी मला होती.

गेल्या सप्टेंबरात अंजनाने फोन केला. तिचे वडील भाऊसो मेंढ्यांसाठी सगळ्या झाडांचा पाला तोडतात, पण माळावरची तीच चिंच बिरोबाची, तिला ते कोयता लावत नाहीत. तिच्या बेचक्यात पाणी साठते आणि तिथे काहीतरी हिरवेगार आहे, असे ती म्हणाली. मी गेले. अंजना शिडीवर चढली, टेप लावला, आठ फूट दोन इंच. तिने चिमूटभर खाली दिले. मी भिंग डोळ्याला लावले आणि तिथेच धुळीत बसले.

भाऊसो म्हणाले, "आवं बाई, त्ये तर तवापास्नं हाय की. एक सुतार आला हुता. पायातलं काढून वर चढला. शिडी म्याच धरली हुती."

म्हणून मी जाहीर करते की दोनशे बारा क्रमांकाचे पाकीट अचूक होते. ते मोहिद्दीन दस्तगीर सुतार यांनी गोळा केले. अदलाबदल झाली नव्हती. चूक माझी होती, आणि चुकीपेक्षा वाईट म्हणजे मी ती त्यांच्या माथी मारली. प्रबंधाच्या माझ्या प्रतीत नोंद मी परत लिहिली आहे, त्यांच्या नावासकट. मी गेल्यावर हे कलम त्यांना वाचून दाखवावे आणि माझ्या वतीने त्यांची माफी मागावी.

कलम ७. हे कलम आज दुपारी वाढवले आहे. तौसीफ मसुदा तपासायला मोठ्याने वाचू लागला, आणि मोहिद्दीन मशिदीतून लवकर परतून दारात उभे आहेत हे त्याने पाहिले नाही. सहावे कलम त्यांनी उभ्यानेच पूर्ण ऐकले. मग आत येऊन खुर्चीवर बसले आणि तौसीफकडे पाणी मागितले.

ते म्हणाले, "पाकीट बरोबर हाय, ह्ये मला त्याच दिवशी ठावं हुतं. पर मी आत येऊन भांडलो आसतो तर तुजी डिग्री ग्येली आसती."

मी विचारले, मग लिहायचे का सोडलेत?

"परत कुणी माज्या अक्षराकडं बोट दावून तुला आडवाय नगं, म्हणून."

बत्तीस वर्षे मी ज्याला राग समजून घाबरत होते, तो राग नव्हताच. मी तौसीफसमोर रडले, पोटभर. आता बरे वाटते आहे. इतके बरे मला पदवीच्या दिवशीही वाटले नव्हते.

तरी दुरुस्ती करते: कलम ६ मधील माफी माझ्या मृत्यूनंतर अमलात यायची होती. ती मागणाऱ्याने आज, हयातीत, समक्ष मागितली आहे आणि देणाऱ्याने दिली आहे. सबब त्या कलमातले शेवटचे वाक्य रद्द समजावे.

येणेप्रमाणे सर्व मजकूर मी वाचून, समजून, डोळे पुसून सही केली आहे.

लिहून ठेवणार: दिलशाद मोहिद्दीन सुतार (सही)

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. लालासाहेब, शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर, आष्टा (सही)
२. भाऊसो, मेंढपाळ, तालुका कवठे महांकाळ (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: आष्टा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५