तुला कधी हिवताप आला नाय

बा, तुला वाचता येत नव्हतं, तरी तुलाच लिहायला बसलेय. दुसऱ्या कोनाला लिहू? वाशिंदला आमी भाड्याची खोली घेतलीय, पत्र्याची, दुपारची तापते. ह्यांची कंपनीत पाळी हाय. पोरगी रडून रडून आत्ता कुटं झोपलीय आनि धाकटा मांडीवर हाय. तुला माझी पोरं ठाऊक नाय, तू गेल्यावरची ती. मोठी चार वर्साची, तिला रक्ताचा आजार हाय, सिकलसेल म्हनतात. रक्तातल्या ज्या पेशी गोल पायजेत त्या इळ्यावानी वाकड्या होतात आनि बारीक नसांत अडकतात. अडकल्या की पोर अशी किंचाळते की शेजारची येऊन बघतात, मारतेय का काय. हा आजार आईबापाकडनं अर्धा अर्धा आला तरच होतो. माझ्यात अर्धा हाय, ह्यांच्यात अर्धा हाय, आमी दोघं चांगली धडधाकट. धाकटा आता आठ महिन्याचा. सहाव्या महिन्यातच त्याचं रक्त तपासायला आना, असं डॉक्टरनं बजावलं होतं. मी अजून तपासलं नाय. मोठीला आठव्या महिन्यातच लागलं, हातापायाची बोटं फुगून येलची केळ्यावानी झाली होती. म्हनून धाकटा रडला की मी पहिली त्याची बोटं दाबून बघते. भूक लागलीय का ते मागनं बघते.

आठवतं का, वाडीवर हिवताप यायचा तवा घराघरात मानसं गोधडीखाली कापत पडायची. आईला यायचा, मला यायचा पन लवकर उतरायचा. तुला कधीच नाय. तू गळ्यातली जपमाळ वर करून दाखवायचास, "बघा, मला कोन राखतो!" शेजारचा म्हातारा काका चिडून म्हनायचा, "देव कशाला राखतोय तुला? डासच खात नाय. कडू रक्त हाय तुझं." आनि तू हसायचास, "कडू नाय काका, बाप्तिस्मा झालेलं हाय." सगळी वाडी हसायची, मी सगळ्यात मोठ्यानं. मला वाटायचं माझ्या बापाला काय होनारच नाय.

तू प्रार्थना शिकवायचास. फादर महिन्यातनं एकदा यायचे, मधल्या रविवारी तूच सगळ्यांना बसवायचास. अक्षर येत नव्हतं, तरी सगळं पाठ. ते पाठ कसं झालं ते मला म्हाईत हाय. संध्याकाळी मी मोठ्यानं वाचायची आनि तू डोळे मिटून ओठ हलवायचास. बायबलच्या पयल्या पुस्तकात, देवानं मानूस आपल्यासारखा केला, ती ओळ आली की तू मला थांबवायचास. "परत वाच गो." मी परत वाचायची. "आनि एकदा." मला कंटाळा यायचा. तुला ती ओळ कशाला लागायची ते तवा कळत नव्हतं, नंतर कळलं. आपन कातकरी. टोकावड्याच्या बाजूला ज्यांच्या शेतावर तू राबायचास ते तुला नावानं कधी हाक मारायचे नाय. "ए माकडा, चढ वर," असंच. तू आंब्यावर चढायचास, मी खाली टोपली धरून उभी. त्यांची पोरं मला पन बोलायची, "तुझी शेपूट कुटं गो?" खाली उतरलास की तू त्यांच्यासंग हसायचास. घरी येताना मात्र माझ्या पुढं झपाझप चालायचास. आनि मग, "परत वाच गो."

शहापूरला सिस्टरांच्या वसतिगृहात मला तूच घातलंस, हे मी नाकारत नाय. मुरबाडच्या बाजारात लाल रिबिनी घेतल्यास आनि यष्टीतच माझ्या केसांना बांधायला लागलास. बांधता येत नव्हत्या. अशी गाठ मारलीस की सिस्टरला कातरीनं कापायला लागली. ती सिस्टर वसईकडची, उंच, करड्या आवाजाची. सकाळी मिस्साच्या प्रार्थनेला गुडघे टेकनारी बाई, दुपारी आमाला विज्ञान शिकवायची. एकदा तिनं फळ्यावर चित्र काढलं. एक वाकडा केसाळ, मग जरा सरळ, मग अजून सरळ, शेवटी मानूस. एका पोरीनं इचारलं, "सिस्टर, मग आदाम यातला कुठला?" आमी फिदीफिदी हसलो. सिस्टर नाय हसली. म्हनाली, "देवाला घाई नव्हती गो. तुमी भात पेरता तर दुसऱ्या दिवशी लोंबी येते का? त्यानं लाखो वर्सं लावली. अंग कसं कसं होत आलं ते शोधायला त्यानंच आपल्याला अक्कल दिली. आत्मा मात्र तो ज्याचा त्याला सोता देतो. विज्ञान सांगतं कसं झालं, देव सांगतो कशासाठी. आपलं चर्च असंच शिकवतं, भ्यायचं नाय." मला ते लई आवडलं. भाताचं तर मला कळतच होतं.

म्हनून सुट्टीत घरी येऊन तुला सांगितलं. आई नाचनीची भाकर थापत होती, तू चुलीतल्या लाकडावर बिडी पेटवत होतास. मी म्हनाले, "बा, मानूस पयला माकडासारखाच होता. पुस्तकात हाय." आई म्हनाली, "पुस्तक कशाला पायजे? तुझ्या बापाला झाडावर बघ." ती गमतीनं बोलली. तुझी बिडी हातातच विझली. त्या संध्याकाळी तू वाचायला सांगितलं नाहीस.

सुट्टी संपवून मी परत गेले आनि मागोमाग तू आलास. वऱ्हांड्यात उभा, बस म्हटलं तरी बसला नाहीस. सिस्टरनं इचारलं, "घरी कोन आजारी हाय का भाऊ?" तू म्हनालास, "पोरगी न्यायला आलो. तुमी तिला माकडाचं शिकवता." ती सांगत बसली तुला, हळू आवाजात, चिडली नाय. विज्ञान धर्माच्या आड येत नाय म्हनाली. रोमच्या पोपसाहेबांनी सोता सांगितलंय म्हनाली. तू म्हनालास, "पोपसाहेबाला कोन माकड म्हनतं का?" तू थांबला नाहीस. "मला जनमभर म्हनतात. फादरनं सांगितलं, तू देवाच्या रूपाचा हायस, तवा मी बाप्तिस्म्याचं पानी डोक्यावर घेतलं. आनि तुमी माझ्या पोरीला परत झाडावर चढवता?" ती म्हनाली, "एकटे तुमी नाय हो, मी पन त्यातनंच आले, पोपसाहेब पन." तू म्हनालास, "तुमाला परवडतं." आनि माझी पेटी उचललीस. मी नववीत होते. सिस्टर फाटकापर्यंत आली, माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मला अजून वाटतं, बा, की त्या वऱ्हांड्यात तू बोललास ते खरं बोललास. आनि मला बुडवलंस.

घरी आल्यावर भट्टीवर इटा थापल्या. मग सापगावच्या बाजूला दिलंस. आपल्यातलेच, प्रार्थनेला बसनारे, बिडीशिवाय काय व्यसन नाय, असं तू आईला सांगत होतास. माझं लगीन झाल्यावर तू वर्सभर पन राहिला नाहीस, भट्टीचा ट्रॅक्टर उलटला त्याच्याखाली गेलास. माती द्यायला मी आले तर वाडीवरची मानसं म्हनत होती, "एवढं रान भोगलं, कधी ताप नाय आला मानसाला." पोरगी झाल्यावर एकदा मुरबाडच्या बाजारात वसतिगृहातली मैत्रीन भेटली. ती तितंच दहावीपर्यंत शिकली. तिनं सांगितलं, मी गेले त्याच्या पुढच्याच उन्हाळ्याआधी मुंबईचे डॉक्टर येऊन सगळ्या पोरींचं रक्त तपासून गेले. तिच्यात माझ्यासारखंच अर्धं निघालं. तिनं लग्नाआधी नवऱ्याचं तपासून घेतलं, भांडून घेतलं. तिची दोन्ही पोरं बरी हायत. एक बरोबर होतं, चनेफुटाने खात. माझ्या पोरीला बघून तिनं त्याचा हात धरून जरा मागं घेतला, जसा काय तो आजार चिकटतो. तिला म्हाईत होतं चिकटत नाय. तरी घेतला.

आनि ऐक. गेल्या वर्सी शहापूरच्या चर्चमध्ये नवीन तरना फादर आला. प्रवचनात म्हनतो, काही मानसं विज्ञानाला घाबरतात, उत्क्रांतीला घाबरतात, पन चर्च घाबरत नाय, खरं खऱ्याशी भांडत नाय, आजारी पडलात तर प्रार्थना पन करा आनि दवाखान्यात पन जा. सगळी माना हलवत होती. मला हसू फुटलं. दाबता येईना. पुढच्या बाकावरची बाई मागं वळून बघायला लागली. मी पोरीला घेऊन बाहेर आले आनि पायरीवर बसून हसले आनि मग रडले. जे शिकले म्हनून तू मला शाळेतनं काढलंस ते फादर देवळात शिकवत होता, बा. तुझ्याच चर्चनं नको म्हटलं नव्हतं. कोनीच नको म्हटलं नव्हतं. तू एकटाच.

मोठीची बोटं सुजली तवा सासूनं भगताकडनं दोरा आनला आनि मी तुझी जपमाळ तिच्या उशाला ठेवली. दोन्ही करून झालं, मग शहापूरचा सरकारी दवाखाना. तितला डॉक्टर चांगला हाय, कागदावर चित्र काढून सांगतो. त्यानं आईला पन बोलवून तिचं रक्त तपासलं. ते साफ निघालं. म्हंजे माझ्यातलं अर्धं तुझं. मी इचारलं, "डॉक्टर, आपल्यातच का हे? शेतवाल्यांच्यात का नाय?" तो म्हनाला, "त्यांच्यात पन असतं कोनाकोनात. पन तुमची मानसं पिढ्यान् पिढ्या रानात राहिली, डासांत. ज्याच्या रक्तात हे अर्धं होतं त्याला हिवताप मारत नव्हता. तो वाचला, त्याची पोरं वाचली. म्हनून हे तुमच्यात टिकलं. ह्यालाच उत्क्रांती म्हनतात. शाळेत धडा असेल ना तुमाला?" मी म्हनाले, "होता. त्या धड्यावरच माझी शाळा सुटली." त्याला वाटलं मी मस्करी करतेय.

घरी येताना यष्टीत मी तुझ्याशी भांडत होते. ओठ हलत असनार, बाजूची बाई सरकून बसली. राखलं तुला, बा, खरंच राखलं. पन जपमाळेनं नाय, त्या वाकड्या रक्तानं. आनि जपमाळवाल्यानंच ते रक्त दिलं असंल, सिस्टर म्हनते तसं, तर मग ज्यानं तुला राखलं त्यानंच माझ्या पोरीला धरलंय. कसं झालं ते मला कळलं. नववीतनं सुटलेल्या बाईला पन कळलं, डॉक्टरनं इतकं चांगलं सांगितलं. कशासाठी झालं ते देव सांगतो म्हनायची ना सिस्टर? मी रोज इचारते. पोरीला औषधाची गोळी देते, पानी जास्ती पाजते, गार वाऱ्यात सोडत नाय, गुडघे टेकते, आनि इचारते. एका पोरीनं एवढं का भरायचं, तू जगावास म्हनून? मला तू नको होतास असं नाय. पन मला कोनी इचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं ते मला म्हाईत नाय, आनि ते म्हाईत नाय याची मला लाज वाटते.

हे तुला पोचायचं नाय. पोचलं तरी तितं तुला वाचून कोन दाखवनार? मीच वाचायची तुला.

मंगळवारी धाकट्याला घेऊन गेले होते. ह्यांनी खाडा केला असता, मी नको म्हनाले, एकटी गेले. दवाखान्यात रांग होती. नर्स ओळखते आता, लांबूनच म्हनाली, "आनलंस का गो शेवटी? ये, पुढं ये, एक थेंब तर घ्यायचाय, तूच एवढी भितेस." त्याच्या पायातला मोजा मी काढला. टाच हातात घेतली. एवढीशी टाच, गुलाबी, तो माझ्याकडं बघून हसत होता. आत्तापर्यंत तो बरा हाय. कळेपर्यंत तो बराच हाय. मी मोजा परत चढवला आनि नर्सला म्हनाले, "बाई, त्याला ताप हाय, पुढल्या मंगळवारी आनते." ती म्हनाली, "मग आधी तापाचं दाखव डॉक्टरला." मी हो म्हनाले आनि मागच्या दारानं बाहेर पडले. संध्याकाळी ह्यांनी इचारलं, काय म्हनाले? मी त्यांना पन तेच सांगितलं.

त्याला ताप नव्हता, बा.