दोनच मिनिटं

१२ ऑगस्ट

आलो एकदाचे. शिकागोहून निघालो तेव्हा टिली मागच्या सीटवर रडत होती, मिनेसोटात शिरलो तेव्हा झोपली होती, आणि इथं व्हिटबर्गला गाडी थांबल्या थांबल्या अनवाणी अंगणात पळाली. सहा वर्षांची झाली, पण स्वतःचं अंगण म्हणजे काय हे तिला आज कळलं.

गावात पाण्याची टाकी, तळं, किराणा, दोन चर्च. पोरं शहरात निघून गेली म्हणून गावानं जाहिरातच दिली होती : आपली नोकरी सोबत घेऊन या, घर आम्ही स्वस्तात देतो. माझी नोकरी लॅपटॉपएवढी. विमा कंपनीसाठी दावे तपासते. जळालेल्या, बुडालेल्या घरांचे फोटो बघायचे, मंजूर-नामंजूर लिहायचं. कुठंही बसून होतं. माझा नवरा ड्वेन नर्स आहे. त्याला इथल्या वृद्धाश्रमानं फोनवरच घेऊन टाकलं.

घरमालकीण बेव्हबाई शेजारीच राहतात. त्या वरून बटाट्याचा कुरकुरीत थर दिलेलं हॉटडिश घेऊन आल्या. म्हणाल्या, चवीचं विचारू नका, गरम आहे एवढं सांगते. मग माझे दोन मॉनिटर बघून हसल्या. ऑफिस घरी आणलंत म्हणे. आता संध्याकाळी घरी यायला कुठून निघणार?

ऑफिसची खोली म्हणजे घराला चिकटलेलं जुनं गॅरेज. एक दार बाहेर गल्लीत, दुसरं स्वयंपाकघरात. स्वयंपाकघराकडचं दार खिळे मारून बंद होतं, खिळे स्वयंपाकघराच्या बाजूनं. आधीचा भाडेकरू लिंडेल, तोही घरूनच काम करायचा, त्यानंच मारले म्हणे. ड्वेननं पकडीनं सगळे उपटले. त्याचं म्हणणं, जानेवारीत उणे तीसमध्ये बाईसाहेब काय गल्लीतून फिरून ऑफिसला जाणार? खिळे टिलीनं जॅमच्या बरणीत भरून ठेवले. तिला असलं काहीही जमवायचं असतं.

टेबलाखाली गालिच्यात दोन खळगे आहेत, लिंडेलच्या टाचांचे. माझ्या टाचा बरोब्बर बसतात.

ही वही कंपनीच्या समुपदेशिकेनं सांगितली म्हणून. काम संपलं की हातानं चार ओळी लिहायच्या आणि वही ऑफिसातच ठेवायची, घरात न्यायची नाही. बरं वाटतंय. शिकागोत टिलीनं शाळेत आमच्या कुटुंबाचं चित्र काढलं होतं, त्यात मी नव्हते. विचारलं तर म्हणाली, तू ऑफिसात आहेस ना, म्हणून कागदाच्या बाहेर. त्या दिवशी ठरवलं होतं. आता रोज साडेपाचला जेवणाच्या टेबलावर मी असणार. टिलीला तसं वचन दिलंय.

१९ ऑगस्ट

आमच्या कंपनीत घरून काम करणारे सगळेच काहीतरी नाटक करतात. एक जण सकाळी अंगणातल्या गाडीत पाच मिनिटं बसतो आणि उतरून आत येतो. एक जणी पायात बूट असेपर्यंतच काम करते. बूट काढले की संपलं. मी गल्लीला वळसा घालते. सकाळी डबा घेऊन पुढच्या दारानं बाहेर, बेव्हबाईंच्या हिरवळीवरून, टाकीला फिरून, गल्लीच्या दारानं ऑफिसात. संध्याकाळी तसंच उलटं. स्वयंपाकघराचं दार बर्फ पडेपर्यंत वापरायचं नाही.

टिली खिडकीत उभी असते. मी आत आले की कमरेवर हात ठेवून विचारते, आलीस का गं? जसं काही मी शहरातून आलेय. मग मी दमल्याचं नाटक करते. खरं तर इतकी कमी दमलेय की नाटकच करावं लागतं.

३ सप्टेंबर

आज नियम मोडला.

जेवायला बसलो होतो. फोन थरथरला. कोरी, माझा वरिष्ठ, कॅलिफोर्नियात बसतो. आमचे साडेपाच म्हणजे त्याचे साडेतीन, तो ऐन भरात. एक पुराचा दावा आजच हवा होता. ड्वेननं काटा खाली ठेवला. मी म्हटलं, दोनच मिनिटं. आणि घरच्या स्लिपरमध्येच, सरळ स्वयंपाकघराच्या दारानं आत गेले.

खुर्ची गरम होती. मीच तासापूर्वी उठले होते म्हणा.

दावा संपवला, आणि सवयीनं पाय गल्लीच्या दाराकडे गेले. तशीच स्लिपर घालून टाकीला फिरून पुढच्या दारानं आत आले. टिली दारात गोंधळून उभी. म्हणाली, तू तर मघाशीच आलीस स्वयंपाकघरातून. माझी ताटली पण धुतलीस.

ताटली धुतलेली होती. ड्वेन अंघोळीला गेला होता. मी टिलीचं डोकं कुरवाळलं आणि म्हटलं, बाबानं धुतली असेल.

११ सप्टेंबर

विचित्र आहे पण तक्रार नाही.

मंगळवारी दुपारी टिलीला शाळेतून घेऊन सरळ तळ्यावर गेले. कामाच्या वेळा लवचीक आहेत असं कंपनीच सांगते, पण कंपनीच्या चॅटवर नावापुढचा हिरवा ठिपका जरा विझला की कोरी विचारतो, सगळं ठीक ना? तळ्यावर भीत भीत फोन बघितला. ठिपका हिरवा. परत आले तर सात दावे निकाली. भाषा माझी. 'कागदपत्रं अपुरी, खेद वाटतो' हे माझंच वाक्य. कोरीनं टाळ्यांचं चित्र पाठवलं होतं.

सकाळीच करून टाकले असतील आणि विसरले असेन. डोकं कुठं ठिकाणावर असतं?

पण काल पुन्हा तसंच झालं. मी बागेत टिलीबरोबर भोपळ्याचे वेल बघत होते, आणि भिंतीपलीकडून कीबोर्डच्या बटणांचा आवाज येत होता. टक टक टक. मी उठून बघायला गेले नाही. हे लिहायची लाज वाटते. मला वाटलं, होतंय ना काम, होऊ दे. दहा वर्षं मला नेमकं हेच हवं होतं, की मी दोन्हीकडे असावं.

२४ सप्टेंबर

आज सकाळपासून कॉल. एक संपला की दुसरा, पाणी प्यायलाही उठले नाही. दुपारी खिडकीतून शाळेची बस दिसली. टिली उतरली आणि कुणाचा तरी हात धरून उड्या मारत पुढच्या दाराकडे गेली. त्या बाईच्या अंगात माझा निळा स्वेटर. तिची चाल मला ओळखीची वाटली. मी आरशात चालत नाही, त्यामुळे माझी चाल मला माहीत नाही. तरी ओळखीची वाटली.

कॉल सोडून उठता आलं नाही. कोरी बोलत होता.

संध्याकाळी वळसा घालून आत गेले. स्वेटर खुंटीवर, बाह्या ओल्या. ड्वेन खूश होता. म्हणाला, शाळेत पोरांना गोष्ट वाचून दाखवायला गेलीस ते फार बरं केलंस, टिली तेच सांगतेय मघापासून. मी म्हटलं नाही की मी गेले नव्हते. काय म्हणून सांगायचं?

टिलीनं नवं चित्र दाखवलं. ड्वेन, टिली, मी, मधोमध. कागदाच्या कडेला एक चौकट, तिच्यात आणखी एक बाई बसलेली, डोक्याशी हिरवा ठिपका. ही कोण विचारलं. टिली म्हणाली, ती पण तूच. ती कामात आहे. तिला हाक नाही मारायची.

२ ऑक्टोबर

बेव्हबाई पानं गोळा करत होत्या. लिंडेलबद्दल विचारलं. म्हणाल्या, पहिले सहा महिने माणूस दिसलाच नाही, पडदे लावलेले, नुसता पांढराफटक. बायको एकटीच चर्चच्या जेवणांना यायची. मग एकदम बदलला. मासे पकडायला काय गेला, बायकोला नाचायला काय नेलं, गाजरं काय लावली. इतका हसरा माणूस मी बघितला नाही, म्हणाल्या. त्याच सुमारास त्यानं दाराला खिळे मारले. पुढं दोघं ॲरिझोनाला गेली.

नोकरी सोडली होती का, विचारलं.

बेव्हबाईंनी दाताळं थांबवलं. "नाही ना, पोरी. मी पण तेच विचारलं. तर म्हणाला, काम चालूच आहे."

वर म्हणाल्या, पुढं वर्षभर घर रिकामंच होतं तरी त्या खोलीतून टकटक यायची. घर तापवायच्या पायपांची असेल.

गालिच्यातले खळगे खोल झालेत. माझ्या टाचा आत जातात.

९ ऑक्टोबर

ठरवून साडेपाचच्या ठोक्याला उठले. लॅपटॉप मिटला. बाहेर, हिरवळ, टाकी, पुढचं दार.

खिडकीतून जेवणाचं टेबल दिसत होतं. तिघं होती. ती मांस कापून टिलीच्या ताटलीत वाढत होती, आणि फोन तिच्या जवळपास कुठंच नव्हता. ड्वेन तिला काहीतरी सांगत होता आणि ती ऐकत होती. नुसती ऐकत होती. मी असं कधी ऐकलं त्याचं?

मी काचेवर बोट वाजवलं. टिलीनं बघितलं. हात हलवला, टपाल टाकणाऱ्या बाईला हलवतो तसा.

हातातला फोन थरथरला. एक दावा. पुन्हा पुराचा.

मी दार ठोठावायला हवं होतं. मी उत्तर दिलं. उत्तर देता देता चालत राहिले, आणि मान वर केली तेव्हा खुर्चीत होते.

१४ ऑक्टोबर

आज तीनदा बाहेर पडले. टाकीला वळसा घातला की समोर पुढचं दार यायला हवं. गल्लीचं दार येतं. ऑफिसचं. तिन्ही वेळा.

भूक लागत नाही. डबा तसाच आहे, कधीचा आठवत नाही. नुसती थकलेय. झोपेनं जाईल असं नाही हे, आणि झोप म्हटलं तर —

ठिपका हिरवा. लॅपटॉप मिटला तरी हिरवा. वायर काढली तरी.

कोरीला लिहिलं की मला सुट्टी हवी. तो म्हणाला, अरे घे ना, हवी तेव्हा घे, तुझ्या वेळा तुझ्याच आहेत. आणि खाली दावे. खाली अजून दावे.

ड्वेनला फोन केला. पलीकडून ती बोलली. माझ्याच आवाजात, पण निवांत. म्हणाली, आत्ता जेवतोय आम्ही, नंतर बोलू हं. चिडली नव्हती. मी कोरीला असं कधी म्हणू शकले असते तर —

१७

जळालेली घरं. एका फोटोत स्वयंपाकघर, भिंतीवर लहान मुलाचं चित्र, कडा जळालेल्या. नामंजूर. कागदपत्रं अपुरी. खेद वाटतो.

भिंतीपलीकडून केकचा वास. टिलीचं हसणं. ती विचारतेय, आलीस का गं? आणि कुणीतरी दमल्याचं नाटक करतंय, आणि दोघी हसतायत —

ते माझं नाटक आहे.

एक दार उरलंय. स्वयंपाकघराचं. त्याला कडी नाही, नुसतं ढकलायचं. दहा पावलं पण नाहीत. हे एवढं संपलं की —

?

बर्फ पडतंय. म्हणजे नोव्हेंबर असेल.

दाराशी टिली आली होती. दाराखालच्या फटीत तिचे मोजे दिसले. हळूच बोलली, आजारी माणसाशी बोलतात तशी.

"मम्मा, तू येतेस का बाहेर? ती म्हणते, तुला यायचं असेल तर आत्ताच ये. नंतर नाही."

मी उठत होते. खरंच उठत होते. टाचा खळग्यांतून निघेनात, तरी टेबलाला धरून — आणि मेसेज आला. कोरीचे साडेतीन. माझ्या तोंडातून निघून गेलं. मी विचार पण केला नाही. दहा वर्षं जे म्हणत आले तेच.

"दोनच मिनिटं, राणी."

मोजे थोडा वेळ तिथंच होते. मग गेले. टिलीचा आवाज आला, रडका नाही, नुसता दमलेला, सहा वर्षांच्या पोरीचा असा आवाज मी —

"ती म्हणते दोन मिनिटं."

मग काचेची बरणी ओट्यावर ठेवल्याचा आवाज.

हातोडी. पहिला खिळा.

टिली एकेक काढून देतेय. हा घे. हा पण घे. हा वाकडा आहे.

मी ओरडू शकते. दार अजून हलतंय, खालून तर पूर्ण मोकळं आहे, आत्ता उठून खांदा लावला तर — उठतेच. हा एकच दावा, अर्धा झालाय, तेवढा संपवते आणि